दुसऱ्या दिवशी माणूस बांधावर

शोरूमच्या दारात चपला काढून आत येणारं गिऱ्हाईक त्या लोकांनी माझ्या वडिलांशिवाय दुसरं पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. शहापूरला हायवेच्या कडेला ते दुकान होतं. पुढे सगळी काच, आत पांढरी फरशी आणि फरशीवर लाल-पिवळी यंत्रं नवरदेवासारखी नटून उभी. बाबांनी फरशीकडे पाहिलं आणि दारातच पायांनी चपला उतरवल्या. मी हळूच म्हटलं, "बाबा, इथं नाय काढत." तर म्हणाले, "एवढी लखलखते, कुनीतरी वाकून पुसली आसंल ना गो."

तेवढ्यात आतून टाय लावलेला एक तरुण धावत आला. भर दुपारच्या उन्हात गळ्याला फास लावून फिरणारा माणूस आमच्याकडे आधी कुणी पाहिला नव्हता, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव कायमचं टायवाला पडलं. "अहो काका, काय हे! घाला, घाला. तुमचंच दुकान आहे," असं म्हणत त्याने वाकून बाबांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायापुढे ठेवल्या. बाबा विरघळले. परत येताना एसटीत आणि नंतर महिनाभर गावात ते ज्याला त्याला सांगत होते की, शिकल्यासवरल्या टायवाल्या माणसाने माझ्या चपलेला हात लावला. माझे वडील तसे भोळे नव्हते, बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणारे होते. पण माणसाचे दात कसे पाहायचे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत. भातशेती, वर रान. आमच्याकडे एका घराला दोन बैल पोसणं जड जायचं, म्हणून एकेक बैल असलेली दोन घरं मिळून जोडी करायची. आज तुझं शेत, उद्या माझं. याला सावड म्हणायचे. आमचा बैल तांबडा. त्याचा जोडीदार पांढरा, तो शेजारच्या काकीचा. काकीचा नवरा मी लहान असतानाच गेला होता. बाबा त्याला थोरल्या भावासारखं मानायचे, म्हणून तिला वैनी म्हणायचे. ती बाबांना भावजी म्हणायची. नात्याची एक गाठ नव्हती, पण दोन्ही घरांच्या मध्ये कुंपणही नव्हतं. काकीच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, एक वाशिंदला, एक पार कसाऱ्याकडे. काकी एकटी, तिचा तो पांढरा, आणि ओहोळाच्या कडेची तीन भातखाचरं. एवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

सावडीचा एक कायदा होता. आपला बैल विकायचा, तर आधी जोडीदाराच्या ओट्यावर जाऊन विचारायचं, कारण एक बैल गेला की दुसरा नुसता गोठ्यात उभा राहतो. एका बैलाने भात लावण्याआधीची चिखलणी होत नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी मुरबाडच्या स्टँडजवळ एका एसटीडी बूथवर कामाला होते. दिवाळीनंतर टायवाला आणि त्याची माणसं टेम्पोत पॉवर टिलर, म्हणजे हँडल धरून चालवायचं नांगरटीचं यंत्र, घालून आमच्या गावात आली. देवळापुढे पटांगणात सगळ्यांना जमवलं, गार सरबत दिलं आणि ओहोळाकडच्या मऊ जमिनीत टिलर चालवून दाखवला. चिखलातलं काम कुणी पाहिलंच नाही, कारण तेव्हा चिखलच नव्हता. पण मशीन माती कशी भुसभुशीत करत गेली ते पाहून म्हातारेसुद्धा तोंडात बोट घालून उभे राहिले. बाबांनी एकच प्रश्न विचारला.

"बंद पडली तं?"

टायवाला हसला. "काका, तुम्ही फक्त एक फोन करायचा. दुसऱ्या दिवशी माणूस तुमच्या बांधावर. माझा शब्द आहे."

मग आम्ही शहापूरला गेलो, चपलांचा तो प्रकार झाला आणि टिलर घ्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी बाबा धुतलेला सदरा घालून काकीच्या ओट्यावर गेले. मीही मागोमाग गेले. बाबांनी सगळं सांगितलं. तांबड्याला आता विकावं म्हणतो, पण तुझ्या पांढऱ्याचं काय, ते तू सांग. तू म्हणशील तर नाही घेत मशीन. मशीन आली तर तुझी खाचरं आधी, माझी नंतर, मी जिवंत आहे तोवर.

काकी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि अगदी तोच प्रश्न विचारला.

"भावजी, बंद पडली तं?"

"फोन कराचा. दुसऱ्या दिवशी मानूस बांधावर," बाबा म्हणाले. "माझा शब्द हाय वैनी."

मी तिथे उभी होते. टायवाल्याचा शब्द माझ्या बापाच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडताना मी ऐकला. फरक एवढाच की टायवाल्याला तो शब्द दुकानाने पाठ करून दिलेला होता आणि बाबांनी तो जिभेवर घेऊन गिळला होता. काकी म्हणाली, "मंग माझा पांढरा तरी एकटा ठेवून काय करू? दोघांना संग इका. एकाच दावणीला जाव दे."

पौषात म्हसाच्या जत्रेत दोन्ही बैल उभे केले. किंमत चांगली सांगणारे दोघे-तिघे आले, पण त्यांना एकच बैल हवा होता. बाबांनी नाही म्हटलं. शेवटी जोडी घेणारा मिळाला, तेव्हा दोघांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून बाबांनी घरी आणल्या. काकीने तिच्या पांढऱ्याची माळ घेतली आणि आतल्या खुंटीला टांगली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. आमची आई मात्र रडली.

पहिल्या वर्षी मशीनने काम केलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण खोटं कशाला बोलू, त्या आवणीत, म्हणजे भातलावणीत, गावाने आमच्याकडे कौतुकाने पाहिलं. बाबांनी शब्दाप्रमाणे काकीची तीन खाचरं आधी चिखलली, मग आमची. काकी बांधावर उभी राहून दाखवायची, "भावजी, त्या कोपऱ्याला जरा." बाबा हँडलवर लटकून कोपऱ्यात मशीन वळवायचे आणि तिथे ती नीट वळायची नाही, म्हणून स्वतः फावड्याने खणायचे. रात्री हातांना इतका कंप सुटलेला असायचा की भाताचा घास तोंडापर्यंत नीट जायचा नाही. तरी खूश होते.

मग पोळा आला. बैल नसलेला आमच्या दोन घरांचा तो पहिला पोळा. सकाळी काकी सवयीने पुरणपोळीचं ताट घेऊन आमच्या गोठ्याकडे गेली आणि दारातच थांबली. आत तांबडा नव्हता, पांढरा नव्हता. एका कोपऱ्यात मशीन उभी होती. बाबाच म्हणाले, "वैनी, आता हाच आपला बैल. ह्यालाच पुजू."

मग सगळ्यांनाच उत्साह आला. बाबांनी मशीन धुतली. हँडलांना शिंगांसारखा हिंगूळ लावला. पुढच्या दिव्याला आईने झेंडूची माळ घातली. पोळ्याला बैलाच्या पाठीवर रंगाने हाताचे पंजे उठवतात, ते काम नेहमी काकीचं असायचं. तिचा हात लक्ष्मीचा, असं सगळे म्हणायचे. तिने ताटलीतल्या लाल ऑइल पेंटमध्ये हात बुडवला आणि मशीन न्याहाळू लागली. एवढ्या सगळ्या लोखंडात सपाट, चकचकीत अशी एकच जागा होती, गिअर बॉक्सवर बसवलेली एक छोटी पत्र्याची पट्टी. काकीने तिच्यावर पंजा दाबला. सुरेख उठला, पाचही बोटं वेगवेगळी. त्या पट्टीवर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. ते काय आहे, हे आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं आणि वाचावं असं टायवाल्याने कधी सांगितलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी आवणीला मशीन काकीच्या पहिल्याच खाचरात बंद पडली. आधी गिअर बॉक्समधून तेल गळायला लागलं, मग आत चिखलाचं पाणी शिरलं, मग दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि चाकं फिरेनाशी झाली. इंजिन चालू, धूर चालू, मशीन जागची हलेना. खाचराच्या बरोब्बर मध्यात. बाबा घोट्याच्या वर चिखलात उभे राहून म्हणाले, "बाय, बूथवर जा. फोन लाव."

मी फोन लावला. बूथवर बसून मी शेकडो लोकांचे फोन ऐकले होते. कोण कसं बोलतो, कोण कसं टाळतो, मला आवाजावरून कळायचं. तिकडे एक बाई होती. "सर्व्हिसचे साहेब साइटवर गेलेत, उद्या करा." उद्या केला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." परवा केला. "मेकॅनिक सुटीवर आहे." त्यानंतर, "तुम्हाला मशीन विकली ते सर ना? ते आता सेल्सला आहेत, सर्व्हिसचं त्यांना काही माहीत नसतं." म्हणजे शब्द देताना तो सगळ्या दुकानाचा होता आणि पाळायची वेळ आली तेव्हा फक्त सेल्सचा. माझा आवाज चढला की ती फोन न ठेवता नुसता बाजूला ठेवायची. मला पलीकडे रेडिओवरची गाणी ऐकू यायची आणि कुणीतरी चहा किती सांगायचे असं विचारायचं.

इकडे काकी रोज संध्याकाळी स्टँडवरून येणाऱ्या वाटेवर मला गाठायची. "काय गो, येतो म्हनाला का?" मी म्हणायची, "उद्या येतील काकी." ती मान हलवून निघून जायची. तिच्या रोपाचे वाफे हिरवेगार झाले होते. रोप वाढत होतं आणि रोपाला कुणाच्या सुटीशी, मीटिंगशी घेणंदेणं नसतं.

शेवटी एकदा त्या बाईने विचारलं, "मशीन नंबर सांगा."

"कुठला नंबर?"

"गिअर बॉक्सवर पट्टी असते, त्यावर असतो. त्याशिवाय तक्रार घेता येत नाही."

मी घरी आले. बाबा आणि मी त्या खाचरात उतरलो. पट्टीवर काकीचा पंजा होता, वर्षभराने पार वाळून घट्ट झालेला. बाबांनी तो नखाने खरवडून पाहिला. निघेना. आईने बांधावरून रॉकेलचं फडकं दिलं. रॉकेलने रंग सुटला. बोटं एकेक करून पुसली जाऊ लागली आणि बाबांना बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की खालची अक्षरंही फडक्यावर येताहेत. मी हात धरेपर्यंत पट्टी कोरी झाली होती. नंबर कोरलेला नव्हता, नुसता छापलेला होता. एवढ्या महागाच्या लोखंडावर त्यांनी कोऱ्या पत्र्यावर शाई उठवून दिली होती आणि ते चिखलात चालवायला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहापूरला गेलो. मुरबाडहून पहिली एसटी, पाऊस मुसळधार. बाबांनी पुन्हा दारात चपला काढल्या. या वेळी कुणी धावत आलं नाही. काचेच्या आत टायवाला दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला सरबत देत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, ओळखलं आणि पाठ केली. ओळखलं हे मी शपथेवर सांगते.

सर्व्हिसचा साहेब मागच्या खोलीत बसला होता. बाबांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, बैल, काकी, सावड. तो मध्येच म्हणाला, "ए बाबा, नंबर बोल." दीड वर्षापूर्वी ज्याला काका म्हणून सरबत पाजलं होतं, तो आता 'ए बाबा' झाला होता. गरज सरो, वैद्य मरो, हे त्यांना कुठून शिकावं लागलं नव्हतं.

मी सांगितलं की नंबर पुसला गेला, पोळ्याला रंग लावला होता, पण बिल आमच्याकडे आहे, बिलावर नंबर आहे. तो हसायला लागला. त्याने बाहेरच्या दोघा पोरांना हाक मारली. "ऐका रे, ह्यांनी टिलरला पोळ्याला पूजलं!" ती पोरंही हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बिलावर नंबर आहे, पण मशीनवर नाही. ही मशीन आमचीच कशावरून? दुसरीकडची जुनी मशीन आमच्या गळ्यात मारताय कशावरून? पट्टी खरवडलेली मशीन गॅरंटीत बसत नाही."

"इंजिनावर नंबर कोरलाय," मी म्हटलं. "तो बघा ना, माणूस पाठवा आणि बघा."

"इंजिन चालू आहे म्हणताय ना? मग इंजिनाचा नंबर काय करायचाय? बिघाड गिअर बॉक्सचा आहे."

"मग नवे गिअर आम्हाला विकत द्या. मुरबाडचा फिटर बसवेल."

"नंबर नसलेल्या मशीनला आम्ही पार्ट देत नाही. कंपनीचा रूल आहे."

बाबा उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या मानसानं शब्द दिला व्हता. दुसऱ्या दिवशी मानूस बांधावर. मी तो शब्द पुढं एका बाईला दिलाय."

साहेबाने हात वर केले. "शब्दाचं मला माहीत नाही. कागदावर काय आहे ते बोला."

मी भांडले. खूप भांडले. माझ्या तोंडून जे जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आवाजाने टायवाला दारापर्यंत आला आणि पुन्हा गेला. बाबांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. बाहेर त्यांच्या चपला नव्हत्या. कुणीतरी दार अडवतात म्हणून पायाने सरकवल्या असाव्यात, त्या पागोळीखाली पडून पाण्याने भरल्या होत्या. बाबांनी त्या उलट्या करून पाणी काढलं आणि घातल्या. स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला रक्त तरी लागतं.

आवणीत कुणाचे बैल रिकामे नसतात. ज्याची त्याची सावड ठरलेली असते आणि आम्ही सावडीतून बाहेर पडलेलो. बाबा घरोघर फिरले. सगळ्यांनी चांगुलपणाने सांगितलं, आमचं उरकू दे, मग नेतो. उरकेपर्यंत रोपाला कांड्या फुटायला लागल्या होत्या. एका घराने दोन दिवस जोडी दिली, तेव्हा बाबांनी आमच्या शेताकडे पाहिलंही नाही. जोडी थेट काकीच्या खाचरात घातली, बंद मशीन मध्ये उभीच, तिला वळसा घालून नांगर फिरवला. काकीने म्हातारं झालेलं रोप लावलं. पाऊसही पुढे उघडला. दिवाळीला तिच्या तीन खाचरांत लोंब्या उभ्या होत्या, हाताने दाबल्या तर आत काही नाही. सगळं भात पोचं. आमच्या शेतात तर गवतच होतं, पण मी तरी बूथवर पगार घेत होते. काकीकडे काय होतं?

एक दिवस तिने बाबांना ओट्यावर बोलावलं. मी पाणी भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"भावजी, एकच सांगा. ते का नाय आले?"

बाबा ओट्याच्या कडेला टेकले. मला वाटलं, आता सांगतील. पट्टी, पंजा, रॉकेल, सगळं. ते म्हणाले, "त्यांच्याकडं मानूस नव्हता वैनी. माझीच चूक झाली."

"मी तुमच्या शब्दावर पांढरा इकला," काकी म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही. आईशी बोलायची, माझ्याशी बोलायची. बाबा ओट्यावरून गेले की पदर ओढून आत जायची. पुढच्या वर्षी तिची तीनही खाचरं पड राहिली. ती दुसऱ्यांच्या आवणीला मजुरीने जायला लागली, दिवाळीनंतर वीटभट्टीवर. ज्या बाईने कधी कुणाच्या बांधावर हात पसरला नव्हता, तिला गावाने मजुरणींच्या रांगेत पाहिलं. मला राग यायचा, तिचा नाही, बाबांचाही नाही. त्या पांढऱ्या फरशीचा. तिथे रोज कुणीतरी वाकून फरशी पुसत असणार आणि तिच्यावर कुणाचंही पाऊल उमटत नसणार.

मशीन आम्ही ढकलत घरी आणली आणि गोठ्यात ठेवली. काही दिवस कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. बाबांनी तिला पुन्हा कधी हात लावला नाही. पोळ्याला आई तेवढं ताट लावायची, ते आम्ही गावातल्या कुणाच्या तरी बैलाला भरवून यायचो. बाबा त्या दिवशी सकाळीच रानात निघून जायचे.

काही वर्षांनी मी लग्न होऊन शहापूरलाच आले. एकदा नवऱ्याबरोबर मोटारसायकल बघायला एका दुकानात गेले, तर आत टायवाला. टाय तोच प्रकार, पोट थोडं सुटलेलं, दुकान वेगळं. समोर किन्हवलीकडचे एक आजोबा बसले होते, त्यांच्या नातवासाठी गाडी बघत होते. टायवाला म्हणत होता, "आजोबा, फक्त एक फोन करायचा. दुसऱ्या दिवशी माणूस तुमच्या दारात." मला वाटलं उठावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. पण काय सांगणार? त्याला काही आठवलं नसतं. त्याने उगीच हसून "मॅडम, काय बघायचंय?" असं विचारलं असतं आणि आजोबांनी मलाच वेडी ठरवलं असतं. मी नवऱ्याला म्हटलं, दुसरीकडे बघू. दुसरीकडे तरी काय वेगळं होतं म्हणा.

मुंबईची माणसं त्या काळात आमच्याकडे फार्महाउससाठी जमिनी शोधत फिरायला लागली होती. ओहोळाच्या कडेची जागा त्यांना फार आवडायची. काकीच्या जावयाने, वाशिंदच्या, व्यवहार जमवला. पड जमिनीला कोण नाही म्हणेल? तीन खाचरं गेली आणि त्यांच्याभोवती दगडी कुंपण उभं राहिलं. काकी मुलीकडे वाशिंदला राहायला निघाली. योगायोगाने मी तेव्हा माहेरी आले होते.

तिचं सामान ते काय, एक ट्रंक आणि एक गोणपाट. जावई पुढे रस्त्यावर गाडी थांबवायला गेला होता. बाबा न सांगता आले आणि त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली. काकी नको म्हणाली नाही. आम्ही तिघं फाट्यापर्यंत चालत गेलो. माळशेजकडून एसटी आली. बाबांनी ट्रंक वर चढवली. काकी पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबांकडे पाहून बोलली.

"भावजी, कुनाला शब्द देताना जरा इचार करत जावा."

"हां वैनी," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं, "काकी, ऐका, तेव्हा त्या मशीनवर..." बाबांनी माझं मनगट इतक्या जोराने धरलं की पुढचा शब्द निघालाच नाही. एसटी सुटली. खिडकीतून तिच्या हातात पांढऱ्याची ती घुंगुरमाळ दिसत होती, मांडीवर गुंडाळून ठेवलेली.

परत येताना मी बाबांवर चिडले. "का नाय सांगू दिलं? सगळा दोष त्या शोरूमवाल्यांचा, आणि तुम्ही आयुष्यभर खोटे ठरलात. तिला खरं तरी कळलं असतं."

बाबा कुंपणापाशी थांबले. आत कुणीतरी हिरवळ लावली होती, ओहोळाचं पाणी पाइपने तिच्यावर उडत होतं.

"तिनं आपला हात लक्ष्मीचा म्हनून उठवला व्हता," ते म्हणाले. "तिला काय सांगू? तुझ्याच हातानं तुझी खाचरं गेली? त्यापेक्षा मी खोटा बरा."

काकी वाशिंदलाच वारली, दोन पावसाळ्यांनंतर. निरोप उशिरा आला, बाबा पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.